चोरलेल्या पिढ्या: ऑस्ट्रेलियात सरकारने आदिवासी मुलं आईबापांपासून का तोडली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना सरत आला, घरातून नेलेल्या आदिवासी मुलांच्या आठवणीचा 'सॉरी डे' जवळ आला, की ऑस्ट्रेलियातल्या शाळांमधून मुलं जांभळ्या कागदाचं पाच पाकळ्यांचं फूल घेऊन घरी येतात. "आई, सॉरी डे म्हणजे काय? त्या मुलांना कुठे नेलं?" हा प्रश्न इथल्या मराठी घरांत दरवर्षी विचारला जातो आणि आपण गप्प बसतो, कारण आपल्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं. मलाही माहीत नव्हतं. मग वाचत गेले, ऐकत गेले. नव्याने आलेले आईबाप आणि भारतातले नातेवाईक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एका जागी मांडते आहे.

आधी एक सूचना. इथल्या अनेक आदिवासी समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. म्हणून ज्या लिखाणात अशी नावं येतात, तिथे सुरुवातीलाच तसं सांगायची पद्धत आहे. खाली दिवंगत व्यक्तींची नावं आहेत.

'स्टोलन जनरेशन्स' म्हणजे नेमकं कोण?

अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या समाजांतली जी मुलं सरकारने, सरकारच्या मंडळांनी आणि त्यांच्या वतीने काम करणाऱ्या मिशनऱ्यांनी घरातून नेली, ती. साधारण १९१० ते १९७० हा काळ धरतात, पण काही ठिकाणी हे त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. हे नाव इतिहासकार पीटर रीड यांच्या १९८१ च्या एका पुस्तिकेमुळे रूढ झालं. 'पिढ्या' हे अनेकवचन मुद्दाम आहे. आजी नेली गेली, मग तिची मुलगी, मग नातू, अशी घरं आहेत.

एकूण किती मुलं नेली?

१९९५ मध्ये राष्ट्रीय चौकशी नेमली गेली. सर रोनाल्ड विल्सन आणि मिक डॉडसन यांनी ती चालवली, ५३५ आदिवासी स्त्री-पुरुषांच्या कहाण्या नोंदवल्या, आणि २६ मे १९९७ ला अहवाल संसदेत ठेवला. त्याचा निष्कर्ष असा की १९१० ते १९७० या काळात दर दहातलं एक ते दर तीनातलं एक आदिवासी मूल घरातून नेलं गेलं. हा पल्ला मोठा वाटतो, कारण प्रांतागणिक फरक होता आणि कितीतरी नोंदी नष्ट झाल्या आहेत, काही तर कधी झाल्याच नाहीत. अहवालाचं म्हणणं असं की या तडाख्यातून पूर्ण सुटलेलं आदिवासी कुटुंब जवळपास नाही.

हे बेकायदेशीर होतं का?

नाही, हे कायद्यानेच झालं. व्हिक्टोरियात १८६९, क्वीन्सलंडमध्ये १८९७, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९०५, न्यू साउथ वेल्समध्ये १९०९, असे एकामागून एक कायदे आले. त्यातल्या बहुतेकांच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने 'मुख्य संरक्षक' या अधिकाऱ्याला सोळा वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक केलं. म्हणजे आई समोर उभी असली तरी कागदावर पालक कचेरीतला साहेब.

न्यू साउथ वेल्समध्ये सुरुवातीला मूल नेण्यापूर्वी त्याची आबाळ होते आहे हे न्यायालयात दाखवावं लागे. आदिवासींचा कारभार बघणाऱ्या सरकारी मंडळाला ते अडचणीचं वाटलं. १९१५ च्या दुरुस्तीने ती अट गेली आणि मंडळाचा निर्णय पुरेसा झाला. ताब्यात घेतलेल्या मुलांच्या नोंदीत 'कारण' असा रकाना असे. काही अधिकाऱ्यांनी त्यात एवढंच लिहिलं आहे: आदिवासी असल्यामुळे.

पण हेतू काय होता?

अधिकारी तेव्हा सांगत की मुलांच्या भल्यासाठी. शिकतील, कामाला लागतील. मात्र त्यांच्याच बैठकांची इतिवृत्तं वाचली की दुसरं चित्र दिसतं. सगळ्यात जास्त डोळा होता तो मिश्र वंशाच्या, उजळ कातडीच्या मुलांवर. त्यांना समाजापासून तोडायचं, गोऱ्यांत मिसळवायचं, म्हणजे दोनतीन पिढ्यांत 'प्रश्न' उरणार नाही, असा हिशेब होता. १९३७ मध्ये कॅनबेऱ्यात केंद्राच्या आणि प्रांतांच्या अधिकाऱ्यांची परिषद झाली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे मुख्य संरक्षक ए. ओ. नेव्हिल यांनी तिथे विचारलं की आपल्याला या देशात दहा लाख काळे लोक हवे आहेत, की त्यांना गोऱ्या समाजात विरघळवून इथे कधी आदिवासी होते हेच विसरून जायचं आहे? परिषदेने ठराव केला तो विरघळवण्याचाच.

दुसरा हेतू रोकडा होता. मुलींना घरकामाला आणि मुलांना शेतावर, गुरांमागे पाठवायचं होतं. मुलींच्या पगाराचा मोठा भाग मंडळाकडे जमा व्हायचा आणि अनेकींच्या हातात तो कधी आलाच नाही.

मुलं नेत कशी?

पोलीस येत, मंडळाचा माणूस येई. वस्तीवर मोटारीचा आवाज आला की आया मुलांना रानात पळवत. काही ठिकाणी ओढ्याच्या काठाला खड्डे खणून ठेवले होते, मुलांनी शिरून लपायला.

चौकशीत एका साक्षीत आलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कोळसा कुटायचा, जनावराच्या चरबीत कालवायचा आणि लेकराच्या अंगाला चोपडायचा. उजळ पोर सावळं दिसावं, अधिकाऱ्याच्या नजरेत भरू नये म्हणून. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतो. त्या आयांनी आख्खं मूल काळं केलं, कारण नजर सरकारची होती.

नेल्यावर ठेवत कुठे?

काही मुलं गोऱ्या घरांत दत्तक किंवा सांभाळायला दिली. बाकीची संस्थांमध्ये ठेवली. न्यू साउथ वेल्समध्ये कूटामंड्रा इथे मुलींसाठी घरकाम शिकवणारी संस्था होती, केम्प्सीजवळ किन्चेला इथे मुलांचं वसतिगृह, बोमाडेरीला तान्ह्यांची संस्था. अ‍ॅलिस स्प्रिंग्सला 'द बंगलो', डार्विनला काहलिनची छावणी, पर्थच्या उत्तरेला मूर रिव्हर. नकाशावर ही नावं एकमेकांपासून शेकडो मैल दूर आहेत आणि मुद्दाम तसं केलेलं होतं. मूल जितकं लांब, तितकं परत जाणं अवघड.

किन्चेला १९२४ ते १९७० चालली. आत शिरताच मुलाचं नाव जाई आणि नंबर येई. कपड्यांवर नंबर, हजेरीला नंबर, हाक मारायची तीही नंबराने. शिक्षेचा एक प्रकार असा की सगळ्या मुलांना रांगेत उभं करायचं आणि एकाला त्या रांगेसमोरून चालायला लावायचं. प्रत्येकाने त्याला मारायचं. हळू मारलं तर मारणाऱ्याची पाळी. भावाला भावाला मारावं लागलं आहे. वाचलेले लोक आज म्हातारे झालेत, त्यांनी स्वतःची संघटना उभी केली आहे, आणि ते अजूनही एकमेकांची ओळख नावाबरोबर तो नंबर सांगून करून देतात.

भाषा बोलायची बंदी बहुतेक ठिकाणी होती. आईची भाषा तोंडातून आली की मार. म्हणून पुढे जी माणसं आईला भेटली, त्यातल्या कितीतरी जणांना तिच्याशी बोलता आलं नाही.

आईबापांनी स्वतःहून पाठवली असतील, असं नाही का?

हा प्रश्न भारतातून हमखास येतो, आणि विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. काही आईबापांनी शिक्षणाच्या आशेने मुलं दिली हे खरं आहे. पण संमती म्हणून दाखवले गेलेले कागद कसे होते ते पाहा.

पीटर गनर या मुलाला १९५६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या यूटोपिया भागातून अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या वसतिगृहात नेलं. पुढे त्यांनी आणि लोर्ना क्युबिलो यांनी केंद्र सरकारवर दावा लावला. सरकारी बाजूने एक कागद पुढे आला. इंग्रजीत टाइप केलेली विनंती, आणि खाली आईचा अंगठा. २००० साली न्यायालयाने दावा फेटाळला, आणि गनर यांच्या बाबतीत त्या अंगठ्याला वजन दिलं.

अंगठा काय चीज आहे हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सावकाराच्या वहीवर आपल्या पणज्यांनीही अंगठे उठवले आहेत. वर काय लिहिलं आहे हे न वाचता येणाऱ्याचा अंगठा म्हणजे संमती, हे मान्य करायला माझं मन तयार होत नाही.

मुलांना आईबापांबद्दल काय सांगत?

सगळ्यात जास्त जीव इथे तुटतो. मुलांना सांगत, आई मेली. किंवा, तिला तू नको होतास. आईला सांगत, मूल मजेत आहे. पत्रं यायची ती कचेरीतच फायलीला लावली जायची. मूल मोठं होऊन आपली फाईल मागतं तेव्हा त्यात आईची पत्रं सापडतात.

ब्रूस ट्रेव्होरो यांची गोष्ट साउथ ऑस्ट्रेलियातली. १९५७ चा नाताळ, तेरा महिन्यांचं बाळ पोट दुखतं म्हणून रडत होतं. घरात वाहन नव्हतं, शेजाऱ्यांनी अ‍ॅडिलेडच्या रुग्णालयात पोचवलं. बाळ बरं झालं आणि दोनेक आठवड्यांत एका गोऱ्या कुटुंबाला देऊन टाकलं, आईला न विचारता. काही महिन्यांनी आईने पत्र लिहून विचारलं की ब्रूस कसा आहे, घरी कधी आणू? उत्तर आलं की सुधारतो आहे, पण अजून डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवायला हवं. तोवर तो कधीचाच दुसऱ्याच्या घरात होता.

त्यांनी साउथ ऑस्ट्रेलिया सरकारवर दावा लावला. १ ऑगस्ट २००७ ला न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ५,२५,००० डॉलरची भरपाई मंजूर केली. चोरलेल्या पिढ्यांपैकी कुणी असा दावा जिंकण्याची ती पहिली वेळ. घरी वाढलेली त्यांची भावंडं आणि ते, यांच्या आयुष्यातलं अंतर न्यायाधीशांनी निकालात मांडलं. पुढच्याच वर्षी, २००८ च्या जूनमध्ये ते गेले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

गायक आर्ची रोच व्हिक्टोरियातल्या फ्रॅम्लिंगहॅमचे. लहानपणी नेलं, आणि घरचे सगळे आगीत गेले असं सांगितलं. ज्या घरी वाढले त्या लोकांनाही तेच सांगितलेलं, तेही बिचारे खरं मानून चालले होते. किशोरवयात, शाळेत असताना त्यांच्या नावाने पत्र आलं. लिहिणारी त्यांची सख्खी बहीण, मर्टल. मजकूर असा की आपली आई नुकतीच वारली. ज्या आईला तो मुलगा कधीची मेली असं धरून चालला होता, ती इतकी वर्षं जिवंत होती.

घरं गरीब होती, मुलांची आबाळ होत होती. मग नेण्यात काय चुकलं?

गरिबी होती. पण ती आली कुठून? जमीन गेलेली, कुठे राहायचं हे मंडळ ठरवणार, मजुरी मंडळाच्या ताब्यात, शिधा मंडळाच्या मर्जीवर. आधी हात बांधायचे आणि मग पोराला भरवत नाहीस म्हणून दोष द्यायचा, असा तो प्रकार होता.

शिवाय 'आबाळ' ठरवणाऱ्यांना तिथली नाती कळत नव्हती. अनेक आदिवासी समाजांत आईच्या बहिणींनाही आईच म्हणतात. मूल आज एकीकडे जेवतं, उद्या दुसरीकडे झोपतं. तपासनीस लिहायचा, मूल सोडून दिलेलं आढळलं. 'माय मरो पण मावशी उरो' म्हणणाऱ्या आपल्याला यात वावगं काही दिसणार नाही.

कुणी पळून परत गेलं का?

हो. सगळ्यांत माहीत असलेली गोष्ट १९३१ ची. मॉली, तिची धाकटी बहीण डेझी आणि मावसबहीण ग्रेसी यांना जिगलाँगहून मूर रिव्हरला नेलं. मॉली चौदा वर्षांची होती. तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: सशांना अडवायला घातलेलं उत्तर-दक्षिण कुंपण आपल्या गावाजवळून जातं. ते कुंपण गाठलं आणि त्याच्या कडेने चालत सुटल्या. मागावर पोलीस, वाटेत जे मिळेल ते खाणं, पायांना जखमा झाल्या की धाकटीला पाठुंगळी घ्यायचं. सुमारे १,६०० किलोमीटर. ग्रेसी वाटेत पकडली गेली. मॉली आणि डेझी घरी पोचल्या.

पुढचं फारसं सांगितलं जात नाही. मॉली मोठी झाली, तिला दोन मुली झाल्या, आणि तिला मुलींसकट पुन्हा मूर रिव्हरला नेलं. ती पुन्हा निघाली आणि पुन्हा जिगलाँगला पोचली. पण कडेवर एकच मूल नेता येतं. धाकटी बरोबर आली, थोरली मागे राहिली. काही वर्षांनी ती धाकटीही सरकारने नेलीच.

याला वंशसंहार म्हणणं अती होत नाही का?

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या करारात वंशसंहाराच्या व्याख्येत, एखादा समाज नष्ट करण्याच्या हेतूने त्यातली मुलं जबरदस्तीने दुसऱ्या समाजाकडे सोपवणं, हा प्रकार स्पष्ट लिहिलेला आहे. १९९७ च्या अहवालाने त्याच आधारावर हा शब्द वापरला. त्यावर मोठं वादंग झालं. त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हा दावा स्वीकारला नाही. मला स्वतःला १९३७ च्या परिषदेचा ठराव वाचल्यावर अहवालाचं म्हणणं पटतं.

माफी कधी मागितली?

अहवालात ५४ शिफारशी होत्या, माफी त्यातली एक. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी माफी मागायला नकार दिला. १९९९ मध्ये संसदेत खेद व्यक्त करणारा ठराव झाला, पण 'सॉरी' हा शब्द त्यात नव्हता. लोक मात्र थांबले नाहीत. २८ मे २००० ला सिडनी हार्बर ब्रिजवरून सुमारे अडीच लाख माणसं चालत गेली.

१३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. प्रेक्षागृहात चोरलेल्या पिढ्यांतली म्हातारी माणसं बसली होती. अकरा वर्षं गेली होती मधे, आणि तेवढ्यात कितीजण वाट बघत गेले.

पैसे मिळाले का?

एका देशव्यापी योजनेतून नाही, प्रांताप्रांताने. टास्मानियाने २००६ मध्ये सुरुवात केली. न्यू साउथ वेल्सने प्रत्येकी ७५,००० डॉलर दिले, व्हिक्टोरियाने २०२२ पासून १,००,०००. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने २०२५ मध्ये ८५,००० जाहीर केले. तोवर लाभार्थी ऐंशीच्या घरात पोचले होते.

असं फक्त ऑस्ट्रेलियात झालं का?

नाही. कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुलं चर्च आणि सरकारच्या निवासी शाळांत कोंडली गेली, शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. अमेरिकेत १८७९ मध्ये कार्लाइलची शाळा निघाली आणि तिच्या नमुन्यावर पुढे शेकडो. डेन्मार्कने १९५१ मध्ये ग्रीनलंडमधून २२ मुलं 'प्रयोग' म्हणून नेली आणि २०२० मध्ये माफी मागितली.

आणि आपल्याकडे?

याचा सरळ धागा आपल्याकडेही येतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. क्वीन्सलंडचा कायदाही १८९७ चाच, राज्यही तेच. मुंबई इलाख्यात सोलापूरची सेटलमेंट प्रसिद्ध आहे. तारेचं कुंपण, हजेरी आणि जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का. ३१ ऑगस्ट १९५२ ला ही माणसं कागदोपत्री मुक्त झाली, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. पारधी वस्तीवरच्या पोराकडे आजही लोक कसं बघतात, ते तुम्हीआम्ही पाहिलेलं आहे.

आश्रमशाळा याच मापाने मोजता येत नाहीत. तिथे मूल आईबाप धाडतात आणि सुट्टीत ते घरी येतं. पण कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी नुसत्या मराठीत बसवतो, तेव्हा त्याच्या घरच्या भाषेचं काय होतं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

हे आता थांबलं ना?

ते कायदे गेले. पण ऑस्ट्रेलियात मुलांमध्ये आदिवासी मुलं साधारण सहा टक्के असताना, सरकारी देखरेखीखाली घराबाहेर वाढणाऱ्या मुलांत ती चाळीस टक्क्यांहून जास्त आहेत. १९९७ च्या अहवालाच्या वेळी हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास होतं. काही मुलांना घरी खरोखर धोका असतो, ते नाकारत नाही. पण आकडा वाढतो आहे. २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गनेडा गावात आज्यांनी एकत्र येऊन याविरुद्ध संघटना काढली. त्यांचं मागणं साधं: मूल हलवायचंच असेल तर आधी मावशी, आत्या, आजीला विचारा.

आम्ही तर गेल्या दहावीस वर्षांत आलो. आमचा काय संबंध?

आपण कुणाचं मूल उचललं नाही, हे खरं. पण आपण ज्या जमिनीवर घर घेतलं, ज्या शाळेत मुलं घातली, तो देश असा उभा राहिला आहे. आणि तुमच्या कचेरीत, दवाखान्यात, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईची आई त्या यादीत असू शकते. एवढं माहीत असलं की "हे लोक सरकारी माणसाला एवढे घाबरतात का?" असं आपल्या तोंडून निघत नाही.

तुटलेली माणसं परत भेटली का?

काही भेटली. १९८० मध्ये कोरल एडवर्ड्स आणि पीटर रीड यांनी 'लिंक-अप' ही संस्था सुरू केली. ती जुन्या फायली शोधते, नातेवाईक गाठून देते आणि भेटीच्या वेळी सोबत जाते. सोबत लागतेच. लोवित्जा ओडोनोह्यू दोन वर्षांच्या असताना कोलब्रूकच्या संस्थेत गेल्या, तिथे त्यांचं नाव बदललं, जन्मतारीखही संस्थेनेच ठरवली. पुढे त्या देशातल्या मोठ्या आदिवासी नेत्या झाल्या. आईला भेटल्या त्या तीस वर्षांहून अधिक काळाने.

लहान मुलांना कसं सांगायचं?

खरं सांगा, वयाला झेपेल तेवढं. पाचसहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: काही मुलांना त्यांच्या आईबाबांपासून दूर नेलं, ते चुकीचं होतं, म्हणून सगळे सॉरी म्हणतात. त्यानंतर "मला नेतील का?" असं मूल विचारतं. विचारणारच. तेव्हा जवळ घ्या आणि नाही म्हणा. जांभळं फूल रानजास्वंदीचं आहे, ओसाड जमिनीत तग धरणारं, म्हणून या लोकांनी ते आपली खूण म्हणून निवडलं. ते शर्टाला लावलं तरी चालतं, खिडकीत ठेवलं तरी चालतं. आमच्याकडे मागच्या वर्षीचं अजून फ्रिजवर आहे, एक पाकळी गळून गेली आहे.